देहाच्या खात्यावरील थकबाकी

‘त्यांनी हाय खाल्ली’, ‘तिने धसका घेतला’, ‘म्हातारीच्या जिवाला घोर लागला’ अशी वाक्ये मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात आली आहेत. ती बोलताना आपण अलंकारिक भाषा वापरीत आहोत असे कोणाला वाटत नाही. हाय खाल्लेला माणूस खंगतो, धसका घेतलेल्याची झोप उडते, अन्न अंगी लागत नाही आणि पुढे एखादे दुखणे कायमचे मागे लागते, हा लोकांचा अनुभव होता. चरकसंहितेनेही रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. पूर्वजांना सारे काही आधीच ठाऊक होते अशी फुशारकी मारण्यासाठी हे सांगत नाही. ठाऊक असणे निराळे आणि मोजता येणे निराळे; आणि जे मोजता येत नाही त्याला अंदाजपत्रकात रकाना मिळत नाही. दुःखाचे देहावर होणारे परिणाम आता बऱ्याच अंशी मोजता येऊ लागले आहेत. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा न राहता अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचा आणि शासनव्यवहाराचाही झाला आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद हा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस पूर्णेचे खोरे आणि त्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके बव्हंशी पावसाच्या भरवशावर. याच तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. शहरातील सुशिक्षितांना या गर्दीचे हसू येते. परंतु ज्याचे वर्षाचे उत्पन्न सर्वस्वी हाताबाहेरच्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्याच्या मनातील अनिश्चितता किती दाट असेल, याचे ते एक माप आहे. शेअरबाजाराचे अंदाज रोज सकाळी वाचणाऱ्यांनी तरी त्याला हसू नये.

या भागात मधुमेह आणि रक्तदाब हे एके काळी ‘साहेबांचे रोग’ समजले जात. आता तशी स्थिती राहिलेली नाही. शेतमजुराच्या घरातही फडताळात गोळ्यांची पाकिटे सापडतात. मूत्रपिंडाच्या विकाराची चर्चा तर खारपाणपट्ट्यात घरोघरी आहे, आणि ती बहुधा पाण्यापाशी येऊन थांबते. पाण्याची तक्रार खोटी नाही. परंतु मूत्रपिंडे निकामी होण्याची जगभर आढळणारी दोन प्रमुख कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच आहेत, ही गोष्ट पाण्याच्या चर्चेत मागे पडते. रक्तदाब का वाढला, साखर गोळ्या घेऊनही का उतरत नाही, याचे उत्तर मीठ, गोड, तंबाखू आणि आनुवंशिकता यांत शोधले जाते. ते शोधलेच पाहिजे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: त्या घरात पूर्वी काही भयंकर घडले असेल, तर त्याचा या आजाराच्या वाटचालीत वाटा असतो काय?

आमच्या भागात हा प्रश्न काल्पनिक नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे गेली दोन दशके शेतकरी आत्महत्यांचे जिल्हे म्हणून देशाला परिचित आहेत. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. मृताच्या कुटुंबाला राज्य शासनाकडून एक लाख रुपयांचे साहाय्य ठरले: ३०,००० रोख आणि ७०,००० ठेवीच्या रूपाने. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाचे होते, वसुलीचा तगादा होता काय, याची चौकशी होते आणि कागदावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. या साऱ्या व्यवहाराचे केंद्र मृत मनुष्य आहे. ज्यांना पुढे तीस-चाळीस वर्षे जगावयाचे आहे, त्यांच्या देहाचे काय झाले याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलेले अर्ज समोर येतात. त्या मुलामुलींच्या आयांना पस्तिशी-चाळिशीतच रक्तदाब जडल्याचे बोलण्याच्या ओघात कळते. एवढ्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला कोणी सांगावयास नको. परंतु ज्यांनी पद्धतशीर अभ्यास केले त्यांचे निष्कर्ष कोणत्या दिशेने जातात हे पाहता येते.

प्रथम या परिणामाची यंत्रणा पाहू. १९३६ मध्ये माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेलिए या शास्त्रज्ञाने असे दाखविले की इजा, थंडी, विष अशा अगदी भिन्न आघातांना प्राण्याचे शरीर बरेचसे एकाच प्रकारे प्रतिसाद देते. संकट समोर आले की मेंदूकडून मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना आदेश जातो आणि अ‍ॅड्रिनलीन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. हृदय वेगाने चालते, रक्तदाब चढतो, यकृत साखर सोडते. साप दिसला तर पळण्यासाठी हे सारे आवश्यकच आहे. साप निघून गेला की यंत्रणा शांत व्हावी अशी निसर्गाची योजना आहे. ज्याच्या बाबतीत ती शांत होत नाही, त्याचा प्रश्न गंभीर होतो. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले तर इन्सुलिनचा प्रभाव घटतो, पोटावर चरबी साठते, झोप तुटते. शरीरात मंद दाह सुरू राहतो आणि रक्तवाहिन्यांची झीज होते. ज्याला आधीच मधुमेह आहे त्याच्या साखरेला ही यंत्रणा रात्रंदिवस वर ढकलीत असते, आणि गोळी तिला खाली ओढीत असते.

१९९३ मध्ये ब्रूस मॅकईवन आणि एलियट स्टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या साचत जाणाऱ्या झिजेविषयी एक संकल्पना मांडली. तिला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असे नाव आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती चटकन कळेल, कारण ती घसाऱ्याचीच कल्पना आहे. यंत्र एका दिवसात मोडत नाही. ते अधिक ताणाने चालविले, त्याला विश्रांती दिली नाही, तर प्रत्येक दिवसाचा घसारा खात्यात जमा होत राहतो. आणि ज्या दिवशी ते बंद पडते त्या दिवशी मालक त्या दिवसाच्या कामाला दोष देतो.

आता पुराव्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यानंतर साडेपंधरा महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमध्ये कोबे शहराला तसाच हादरा बसला. तेथील डॉक्टरांजवळ मधुमेही रुग्णांच्या भूकंपापूर्वीच्या तपासण्यांची नोंद होती, त्यामुळे त्यांना तुलना करता आली. दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी जी एचबीए१सी तपासणी असते, तिचे आकडे भूकंपानंतर बिघडले. ज्यांच्या घराचे मोठे नुकसान झाले होते किंवा ज्यांचे आप्त दगावले वा जखमी झाले होते, त्यांना मानसिक त्रास अधिक होता. आणि साखर बिघडण्यामागे सर्वांत ठळक घटक हा मानसिक त्रासच निघाला. औषधे मिळाली नाहीत, जेवणाचे हाल झाले, हे खरेच होते. पण त्यापलीकडेही काही उरत होते.

अमेरिकेत परिचारिकांच्या एका मोठ्या गटाचा १९८९ पासून दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. सुमारे पन्नास हजार स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला त्याचा एक निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आघातानंतरच्या मनोविकाराची लक्षणे ज्यांच्यात सर्वाधिक होती, त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण आघात न अनुभवलेल्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट होते. यातील सुमारे निम्मा फरक वाढलेले वजन आणि नैराश्यावरील औषधे यांनी समजावून देता येत होता, असेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केले आहे. त्याआधी १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा बालपणातील आघातांवरील अभ्यास आला होता. फेलिटी हे कॅलिफोर्नियात स्थूलत्वावर उपचार करीत. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच रुग्ण उपचार सोडून का जातात, या कोड्यातून ते रुग्णांच्या बालपणापर्यंत पोहोचले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन अशा आपत्तींचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी लहानपणी भोगले होते, त्यांच्यात नैराश्य, व्यसने आणि आत्महत्येचे प्रयत्न तर कितीतरी पट अधिक आढळलेच. हृदयविकाराचे प्रमाणही सुमारे दुप्पट होते.

किंबहुना देहाची स्मृती जन्माच्याही मागे जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्यांना प्रौढपणी साखरेचे आणि हृदयाचे विकार अधिक झाल्याचे आढळले. आपल्याकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील बालकाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो, परंतु चरबीच्या बाबतीत पुण्याचे कृश बाळ फारसे मागे नव्हते. मधुमेहाची तयारी गर्भातच होते असे यातून दिसते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांची अपत्ये आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत. त्यांच्या रक्तातील साखरेकडे पाहताना एवढे स्मरण ठेवावयास हरकत नाही.

येथे दोन गैरसमजांना वेळीच अडविले पाहिजे. पहिला असा की ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’. अशा रुग्णाला घरचे लोक हे ऐकवितात, आणि कधी कधी डॉक्टरही ऐकवितात. वस्तुतः वरील सारे संशोधन याच्या अगदी उलट आहे. कॉर्टिसॉल ही कल्पना नव्हे. ते रक्तात मोजता येते. रक्तवाहिनी जाड होते ती खरीच जाड होते. दुःखामुळे झालेला रक्तदाब हा मिठामुळे झालेल्या रक्तदाबाइतकाच खरा आहे आणि त्यालाही गोळी लागतेच. मन शांत करा म्हणजे गोळी सुटेल असे सांगणाऱ्या बुवा-महाराजांपासून रुग्णांनी दूर राहावे. दुसरा गैरसमज नशिबाचा. दुप्पट धोका म्हणजे अटळ रोग नव्हे. हे आकडे समूहाचे आहेत. आघात सोसूनही ज्यांचे आरोग्य ठणठणीत राहिले अशी माणसे प्रत्येक अभ्यासात आहेत, आणि त्यांच्यामागे बहुधा आधार देणारे माणूस, स्थिर उत्पन्न, सुरक्षित छप्पर असे काही उभे असते.

या शेवटच्या मुद्द्यापाशी अर्थशास्त्राच्या माणसाला थांबणे भाग आहे. ‘पूर्वीचा आघात’ असे आपण म्हणतो खरे, पण तो पूर्वीचा होण्यासाठी आधी संपावा लागतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्या या स्त्रियांपैकी ४० टक्के स्त्रियांना पती जी शेती करीत होता तिच्यावर हक्क मिळालेला नव्हता, आणि घरावर हक्क मिळालेल्यांचे प्रमाण अवघे ३५ टक्के होते. आता या स्त्रीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. सातबारा मृत पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे. तिच्या नावे जमीन नाही म्हणून तिला पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून सावकार. दिराने उद्या घराबाहेर काढले तर कोठे जावे याचे उत्तर नाही. २२ जुलै २०२३ रोजी सातपुड्यातून आलेल्या पुराने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील शेते खरडून नेली. असे झाले की नुकसानभरपाईही ज्याचे नाव उताऱ्यावर त्याच्या खात्यावर येणार. साप निघून गेल्यावर यंत्रणा शांत होते असे वर म्हटले. या घरातील साप उंबरठ्यावरच बसलेला आहे. तिच्या शरीराने निर्धास्त व्हावे तरी कोणत्या आधारावर?

म्हणूनच, काही स्त्रियांच्या रक्तदाबाच्या उपचाराचा एक भाग दवाखान्यात असतो आणि दुसरा तहसील कार्यालयात असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे विधान आरोग्य खात्याला चमत्कारिक वाटेल आणि महसूल खात्याला आगाऊपणाचे. परंतु एक विधवा वारस नोंदीसाठी तीन खेपा घालते, प्रत्येक खेपेस मजुरी बुडते, बसभाडे जाते, आणि प्रत्येक टेबलावर ‘नवरा कसा वारला’ हे तिला सर्वांदेखत पुन्हा सांगावे लागते. या प्रक्रियेचा खर्च केवळ रुपयांत भरला जात नाही. या वृत्तपत्राच्या वाचकांत लिपिक आणि कारकून वर्गातील पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्यावर कामाचा बोजा आहे हे मान्य. तरीही मृत्यूचा दाखला आणि पंचनामा फाइलमध्ये असताना तोच प्रश्न तोंडी विचारण्याची गरज नसते, आणि ‘उद्या या’ हे दोन शब्द समोरच्या माणसाच्या देहात जाऊन काहीतरी करतात, एवढे ध्यानात ठेवणे त्यांच्या अधिकारकक्षेत निश्चित आहे.

दवाखान्यात काय करता येईल? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची माहिती भरण्यासाठी आशा कार्यकर्तीजवळ एक छापील अर्ज असतो. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आईवडिलांचा आजार हे त्यात विचारले जाते. अलीकडे त्यात मनःस्थितीविषयी दोन प्रश्नही आले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते प्रश्न गेल्या दोन आठवड्यांपुरते आहेत. दहा वर्षांपूर्वी घरात काय घडले ते विचारणारी ओळ त्या कागदावर नाही. ती असावी काय? असावी, पण ती विचारण्याची रीत ठरविल्याशिवाय नव्हे. ओसरीवर सासू, जाऊ आणि शेजारीण बसलेली असताना असा प्रश्न विचारणे म्हणजे जखमेची खपली काढणे आहे. तपशील विचारावयाचे नाहीत; ‘घरात पूर्वी काही मोठे घडले होते का’ एवढेच एकांतात विचारावे, उत्तर न मिळाल्यास थांबावे, आणि मिळाल्यास डॉक्टरांना कळावे अशी खूण कागदावर करावी. ज्या रुग्णाची साखर सारखी बिघडते, जो गोळ्या मध्येच सोडतो, त्याला ‘बेफिकीर’ असा शेरा मारण्यापूर्वी ती खूण पाहिली जाईल. पुष्कळदा ज्याला आपण बेफिकिरी म्हणतो तो निराशेचा थकवा असतो, किंवा एक गोळी मोडून दोन दिवस पुरविण्याची काटकसर असते.

‘विचारून पुढे काय? मानसोपचारतज्ज्ञ आहेत कोठे?’ हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तरही विदर्भातूनच आलेले आहे. ‘विश्राम’ या प्रकल्पात ३० खेड्यांत गावपातळीवरच्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्तांना आधार व उपचार यांच्याशी जोडण्यात आले. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळविणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शासनाने २०१५-१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे, तो निःशुल्क असून त्यावर मराठीतही बोलता येते. साधने अपुरी आहेत, पण शून्य नाहीत. खरी उणीव आहे ती जोडणीची. मनाचा कागद एका खोलीत, साखरेचा दुसऱ्या खोलीत आणि जमिनीचा तिसऱ्याच इमारतीत, अशी आपली रचना आहे. आणि आशा कार्यकर्तीच्या तुटपुंज्या मोबदल्यात आणखी एक काम फुकट ढकलण्याची शासनाची जुनी खोड येथे चालणार नाही. प्रश्न विचारावयाचा तर वेळेचा मोबदलाही दिला पाहिजे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या एका रुग्णामागे समाजाचा जो पैसा, जी मजुरी आणि घरातील दुसऱ्या माणसाचा जो दिवस खर्च होतो, त्यापुढे हा मोबदला नगण्य आहे.

जमिनीच्या बाबतीत मार्ग नाही असेही नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. १९९२ मध्ये राज्य शासनानेही पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. आणि मृत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे चढविणारी ‘जिवंत सातबारा’ मोहीम तर मार्च २०२५ मध्ये प्रथम आमच्या बुलढाणा जिल्ह्यातच सुरू झाली. एप्रिलपासून ती राज्यभर नेण्यात आली. या मोहिमेत तलाठ्यांनी गावोगाव मृत खातेदारांच्या याद्या केल्या आहेत. आशा कार्यकर्तीजवळ त्याच गावांतील रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांच्या याद्या आहेत. खारपाणपट्ट्यातील एखाद्या गावी, नावे गुप्त राखून, या दोन याद्या एकत्र बसून वाचण्यास एक दुपार पुरेल. ज्यांची नोंद झाली आणि ज्यांची अडली, त्या दोन्ही प्रकारच्या घरांतील स्त्रियांचा रक्तदाब सहा-सहा महिन्यांनी मोजत राहावयाचे म्हटले, तरी त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. ते प्रत्येक उपकेंद्रात आजही टेबलावर आहे.